गुडघ्यासाठी मिळालेलं आठ चित्रांचं पान

गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात मिळालेल्या त्या झेरॉक्सच्या पानाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. वर्ष होत आलं त्याला.

बेळगावच्या शहापुरात साड्यांच्या दुकानात मी तीस वर्षं कामाला आहे. वय ५४. आमच्याकडं अजून गादीचीच बैठक आहे. गिऱ्हाईक आलं की मांडी घालून बसायचं, साड्या उलगडायच्या, मागितलेला रंग खाली नसला की उठून माळ्यावर चढायचं, गठ्ठा घेऊन उतरायचं, परत मांडी. डावा गुडघा विशीत कबड्डी खेळताना मुरगळला होता. तेव्हा आमच्या वडगावातच एकाकडून चोळून घेतला आणि विसरून गेलो. पन्नाशी उलटल्यावर तोच आधी दुखायला लागला, मग उजवा. गेल्या डिसेंबरात माळ्यावरून उतरताना डाव्या पायातलं बळच गेलं. हातातला गठ्ठा खाली पडला, मी कठड्याला धरून वाचलो.

मग दवाखाना. नाव लिहीत नाही, गावातला मोठा दवाखाना म्हणा. टोकन, केसपेपर, एक्स-रे, हाडाचे डॉक्टर, सगळं एका दिवसात झालं. त्याबद्दल तक्रार नाही. एक्स-रे उभं राहून काढला होता, आणि तसाच काढायचा असतो. झोपून काढला तर सांध्यातली फट खरी कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, झीज तिसऱ्या पायरीची आहे, चौथी शेवटची. ऑपरेशनचं आत्ता नाव काढू नका, मांडीचे स्नायू मजबूत करा. आणि चिठ्ठी दिली: फिजिओथेरपी, दहा दिवस.

घोळ सुरू झाला तो इथून.

पहिल्या दिवशी आठ वाजता जाऊन बसलो, नंबर आला साडेदहाला. गुडघ्यावर गरम पिशवी ठेवली. मग चार ओले पॅड लावून करंट. मुंग्या आल्यासारखं होतं, बरंही वाटतं. दुकानात गेल्यावर दुपारपर्यंत पाय हलका होता. तीन वाजता परत जैसे थे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी रोज अर्ध्या दिवसाची रजा टाकत होतो. दहाव्या दिवशी तिथल्या मुलानं एक झेरॉक्सचं पान हातात दिलं. आठ चित्रं, वर इंग्रजी नाव, खाली कन्नड. मी कन्नड वाचतो, हळू वाचतो पण वाचतो. पूर्ण पान दोनदा वाचलं. पाय कसा उचलायचा ते होतं. किती वेळा, किती दिवस, दुखलं तर काय, कधी वाढवायचं, यातलं एक अक्षर नव्हतं.

मी विचारलं, “एष्ट सल?” किती वेळा?

“रोज करा.”

“रोज किती?”

“जमेल तेवढं. नेक्स्ट पेशंट.”

तीस वर्षं गिऱ्हाइकाला साडीची लांबी, पन्हा, धुतल्यावर रंग जाणार की राहणार, सगळं सांगत आलोय. न सांगता माल दिला असं कधी झालं नाही. आणि इथं माझ्या पायाचा प्रश्न, त्याला “जमेल तेवढं”.

जमेल तेवढं म्हणजे मी पन्नास धरलं. आठही प्रकार पन्नास पन्नास वेळा. त्यात शेवटचं चित्र पूर्ण उकिडवं बसून उठायचं होतं. चार दिवस जोर लावून केलं. पाचव्या दिवशी सकाळी गुडघा इतका सुजला की वाटी दिसेना. परत दवाखाना. तिथं सांगितलं, व्यायाम बंद करा, शेक घ्या. पण दहा दिवसांची चिठ्ठी संपली होती, नव्या चिठ्ठीवर हाडाच्या डॉक्टरांचीच सही लागते, आणि ते बसतात मंगळवारी आणि शुक्रवारी. मी गेलो तो शनिवार होता.

मंगळवारी सही, बुधवारपासून शेक आणि करंट. दहा दिवस. सूज उतरली. परत तेच पान. मी म्हटलं हे माझ्याकडं आहे, मला आकडा सांगा. “आधी दुखणं कमी होऊ दे.” दुखणं कमी होऊ दे म्हणून पंधरा दिवस काहीच केलं नाही. बायको भाजी आणायलाही जाऊ देईना. “अहो, बसा गप, मी जाते की.” बसलो. पाय आणखी बारीक झाला. हे मी अंदाजानं सांगत नाही. दुकानातली टेप घरी आणून मापलं होतं. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटर वर खूण करून मांडीचा घेर. जानेवारीत डावी ४७.५, उजवी ५०. मार्चच्या शेवटी डावी ४६.५. तिसरी चिठ्ठी चालू होती. तीन महिन्यांत शेक तीस वेळा आणि ताकद उणे एक सेंटीमीटर. तो आकडा बघून रात्री झोप लागली नाही.

नंतर मला कळलं ते आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. शेकानं आणि करंटनं दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं, स्नायूला बळ येत नाही. बळ यायला स्नायूनं वजन उचलावं लागतं आणि ते वजन हळूहळू वाढवावं लागतं. सुजलेला गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला काम करू देत नाही, म्हणून सूज आधी उतरवायची हे बरोबर. पण उतरल्यावर नुसतं बसून राहिलं की तोच स्नायू वाळतो, सगळा भार सांध्यावर येतो आणि पायरीवर पाय दगा देतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथं एक नवीन मॅडम आल्या होत्या, कुणाच्या तरी रजेवर. बोलणं धारवाडकडचं कन्नड, मधूनच मराठी. मशीन लावायच्या आधी म्हणाल्या, “काका, त्या खुर्चीवरून हात न लावता उठून दाखवा.” तीन महिन्यांत हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. छातीवर हात बांधून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते त्यांनी घड्याळ लावून मोजलं. सहा वेळा. मग मी खिशातून ते पान काढलं आणि जरा जोरातच म्हणालो, यात आकडा कुठं आहे? त्यांनी पेन घेतलं, आठातली पाच चित्रं खोडली आणि उरलेल्या तिनापुढं आकडे लिहिले. दोन मिनिटं लागली असतील.

पहिलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरं, उताणं झोपून एक गुडघा वाकवलेला ठेवायचा आणि दुसरा पाय सरळ ताठ फूटभर उचलायचा, सावकाश खाली आणायचा, दहाच्या दोन फेऱ्या. तिसरं, खुर्चीवरून उठणं-बसणं, पण खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच करून, आठच्या दोन फेऱ्या, एक दिवसाआड. “निधानक माड्री,” असं म्हणत बसताना तीन अंक मोजायला लावले. म्हणजे सावकाश करा. धप्पकन बसलं तर त्या व्यायामाचा अर्धा उपयोग गेला.

खाली एक ओळ लिहिली, तिचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीएवढ्यावर परत आलं पाहिजे. आलं नाही किंवा सूज आली तर पुढच्या वेळी निम्मं करा, पूर्ण बंद करू नका. भीतीनं बंद करणं आणि जोरात पन्नास करणं, या दोन्हीतून या एका ओळीनं मला बाहेर काढलं.

पुढचे महिने सुरळीत गेले. पहिल्या चार-पाच आठवड्यांत टेपवर काहीच दिसत नाही, पण उठणं सोपं होतं; मेंदू आधी स्नायूला नीट कामाला लावतो, स्नायू भरतो नंतर, दोन-तीन महिन्यांनी. दहाच्या तीन फेऱ्या सलग दोन वेळा आरामात जमल्या की एक उशी काढायची. जूनमध्ये दोन्ही उशा निघाल्या. प्लास्टिकची खुर्ची मात्र भिंतीला टेकवूनच ठेवा, ती मागं सरकते. जुन्या पॅन्टच्या पायात एक किलो वाळू भरून बायकोनं शिवून दिली, ती घोट्याला बांधून पाय उचलायचे, नंतर दीड किलो. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं हे मॅडमनी मे महिन्यात वाढवलं. कमरेचे स्नायू कच्चे असले की गुडघा आत वळतो. ओट्याला धरून टाचा उचलणं मी दात घासताना करतो.

रक्तदाबाची गोळी चालू असेल, मला आहे, तर जोर लावताना श्वास कोंडू नका. मोठ्यानं अंक मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. आमच्या चाळीत सकाळी माझे अंक सगळ्यांना ऐकू येतात, येऊ देत.

जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे आधीच माहीत असतं तर तो गठ्ठा पडला नसता. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. मी महिनाभर चुकीच्या हातात धरून फिरत होतो आणि त्या दवाखान्यात रोज जात असूनही कुणी टोकलं नाही.

जिमला गेलो होतो, ऑगस्टमध्ये. तिथल्या मुलानं पहिल्याच दिवशी खांद्यावर रॉड ठेवून पूर्ण खाली बसायला सांगितलं. मी नाही म्हटलं. गुडघा जितका जास्त वाकवून भार घ्यावा तितका वाटीमागं दाब वाढतो, आणि माझं दुखणं तिथंच आहे. लेग प्रेसच्या, म्हणजे बसून पायानं वजन ढकलायच्या मशीनवर सीट मागं घेऊन गुडघा काटकोनाच्या पुढं जाणार नाही असं करून घेतलं, कमी वजन, बारा वेळा. ते चांगलं मानवलं. सायकलचंही तसंच. मेव्हण्याची जुनी सायकल घेतली तर सीट इतकी खाली की गुडघे छातीला लागत होते आणि दोन दिवसांत दुखायला लागले. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, अगदी थोडा वाकलेला राहील इतकी सीट वर घेतली. आता रोज सकाळी वडगावातून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानापर्यंत जाऊन येतो. पावसाळ्यात मात्र नाही. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि शेवाळलेला रस्ता, तिथं एकदा पाय घसरला तर सगळं पाण्यात.

वजनाचं राहिलंच. ८४ होतं, आता ७९. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, हे मॅडमनी सांगितलं तेव्हाच मी चहातली साखर सोडली. पण नुसता भात-आमटी कमी करून वजन उतरवू नका, त्यात स्नायूही जातो. रोज दोन अंडी, दूध, हुलग्याची आमटी, मूग यातलं काहीतरी असू द्या.

शेजारचे एक काका एमआरआय घेऊन आले होते, गुडघ्यातली गादी फाटली असं लिहिलेलं बघून हातपाय गळालेले. पन्नाशीनंतर गुडघा अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही ती फाटलेली दिसते. त्या कागदावरून पाय किती चालणार ते ठरत नाही. पण गुडघा अडकून सरळच होत नसेल, गरम लाल होऊन ताप आला असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. आणि दुखण्याची गोळी खाऊन व्यायाम करत असाल तर जपून करा. दुखणं झाकलं जातं, किती करायचं ते कळत नाही.

मालकांना गणपतीच्या आधी स्पष्ट सांगितलं की मांडी घालून दिवसभर बसणं जमणार नाही. ते काही बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी गादीच्या कडेला उंच स्टूल करून दिलं आणि जड गठ्ठे माळ्यावरून खाली घेतले. दिवाळीचा सगळा सीझन स्टुलावर काढला. दुकानातला जुना सोबती म्हणाला, “बरा चालूलायस की गा आता.” ऐकून डोळ्यात पाणी आलं.

दिवाळीनंतर येळ्ळूरच्या राजहंसगडावर चालत गेलो. चढताना काही नाही, उतरताना मांडी थरथरली. उतरताना तो पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार धरतो, म्हणून ते जास्त कठीण. त्यावर मॅडमनी बदलून जाताना दिलेला उपाय म्हणजे पायरी: चार इंच उंचीच्या फळीवर उभं राहून चांगला पाय सावकाश खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा, भार सगळा दुखऱ्यावर, एक हात भिंतीला. त्या मॅडम मेमध्येच बदलून गेल्या. दवाखान्यात पान अजून तेच देतात. मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईंना मिळालं, आकड्यांशिवाय. मी तिथल्या तक्रारपेटीत मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून टाकलंय, फक्त एवढंच की प्रत्येक चित्रापुढं किती वेळा आणि किती दिवस हे छापा, आणि खाली ती एक ओळ घाला. उत्तर आलेलं नाही. मी परत टाकणार आहे.

माझ्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता तारखा आहेत. खुर्चीवरून तीस सेकंदांत १३ वेळा. डावी मांडी ४९, उजवी ५०.५. परवाची नोंद: सहा इंची पायरी, डावा पाय, आठच्या दोन फेऱ्या, दुखणं तीन, सकाळी सूज नाही.