आठवा बोल्ट

शिल्प बघायला येणारी माणसं वर बघतात. मी खाली बघतो. बेसप्लेटवर, म्हणजे शिल्पाच्या तळाच्या प्लेटवर, आठ नट आहेत, त्यातल्या एकाखालचा वॉशर बाकीच्यांपेक्षा जाड आणि चौकोनी आहे. तो तसा का, ते आज लिहून टाकतो.

शिल्प म्हणजे वाऱ्यानं मुडपलेलं एक पान. उंची 7 मीटर, वजन दोन टनांच्या आत-बाहेर. आत पाइपचा सांगाडा, वर वेदरिंग स्टीलचा 6 मिलिमीटर जाडीचा पत्रा. हे स्टील रंगवायचं नसतं. भिजत-वाळत त्यावर गंजाचाच घट्ट थर धरतो आणि तोच आतलं लोखंड राखतो. वेल्डिंगची वायरसुद्धा त्याच जातीची घ्यावी लागते, नाहीतर जोडाचा रंग कायमचा वेगळा पडतो.

पहिला पत्रा मी वाया घालवला. घाईघाईत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड ओढला. सकाळी येऊन बघतो तर मधोमध पोट सुटलेलं, पट्टी आडवी धरली तर कडेला खाली बोट जाईल इतकं. मग मुकाट्यानं दोन इंच इथे, दोन इंच समोरच्या अंगाला, मधे गार होऊ द्यायचं. कंटाळा येतो, पण पत्रा ऐकतो.

खरी चूक मात्र जमिनीत झाली.

एवढा मोठा पत्रा उभा केला की ते शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि तो सगळा ओढा शेवटी बोल्टांवर येतो. इंग्लंडमधल्या ‘एंजल ऑफ द नॉर्थ’चं (1998) स्टील 200 टन, पण त्याखालचं काँक्रीट 600 टन. हे आकडे मला तोंडपाठ, त्यामुळे पाया चांगला ऐसपैस घेतला होता. चुकलो ते टेम्प्लेटमध्ये. काँक्रीट ओतताना बोल्ट जागेवर धरून ठेवायला फक्त वर प्लेट लावली, तीही पातळ; खालची टोकं मोकळी. काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर फिरला आणि एक बोल्ट कलला. त्यात बेसप्लेटची भोकं मी अगदी मापात पाडलेली: 24 मिलिमीटरच्या बोल्टला 26 चं भोक. कारागिरीचा माज, दुसरं काय.

उभारणीच्या दिवशी पान क्रेनला लटकलेलं, दोन बाजूंनी दोघं दोर धरून, बेसप्लेट बोल्टांच्या डोक्यावर वीतभर. हळूहळू खाली घेतलं. खालून आवाज आला, “दादा, सात बसले. आठवा नाही म्हणतोय.”

कुणीतरी घण आणायला निघाला, त्याला थांबवलं. घणानं वाकवलेला बोल्ट पुढे वाऱ्यात किती टिकेल, कोण सांगणार? पान परत खाली उतरवून आडवं ठेवलं, ते भोक ग्राइंडरनं लांबट केलं आणि भोकापेक्षा ऐसपैस जाड प्लेटचा वॉशर कापून वरून वेल्ड केला. या सगळ्यात दोन तास गेले. तोवर वारा सुटला, क्रेनवाल्यानं सरळ हात वर केले आणि काम दुसऱ्या दिवसावर गेलं. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी पान वीस मिनिटांत बसलं. खालच्या नटांवर लेव्हल केलं, ओळंबा सोडून बघितला, प्लेटखालच्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भरलं.

आता टेम्प्लेटच्या दोन प्लेटी करतो, वर एक, खाली एक, बोल्टांचा पिंजराच. भोकंही सैल ठेवतो.

आणखी एक भोक मी कधी विसरत नाही, पानाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यातलं, पाणी निघायचं. पोकळ शिल्पात पाणी कुठून ना कुठून शिरतंच, आणि साचलेल्या पाण्यात हे स्टीलही साध्या लोखंडासारखंच सडतं. मागच्या खेपेला तार घालून बघितलं तर कुंभारीण माशीनं ते मातीनं लिंपून टाकलेलं. ढोसलं, तर तांबडं पाणी बराच वेळ गळत राहिलं.