आंबिया बहाराची कॉफी

नोव्हेंबर हा दक्षिण फिनलंडमधला सगळ्यांत अवघड महिना. बर्फ पडला तरी टिकत नाही, त्यामुळे जमीन काळीच राहते, आणि महिनाअखेरीला दुपारी साडेतीनच्या सुमारास अंधारायला लागतं. आम्ही एस्पोत राहतो, हेलसिंकीला अगदी लागून. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका नोव्हेंबरात माझी कुंभकोणमची मैत्रीण ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी थांबली आणि म्हणाली, "इथे आपण दिवसाला पाच कप पितो. पण कॉफी कशी झालीय, हे कुणी कुणाला विचारल्याचं तुला आठवतंय?"

मला आठवेना. आपल्याकडे पाहुण्याने पहिला घोट घेतला की लगेच "साखर पुरे ना?" असतं. इथे तसं काही नाही. कॉफी असते, लोक पितात, बस.

आणि किती पितात! फिनलंडमध्ये वर्षाला माणशी १० किलोच्या आसपास कॉफी लागते. जगात या बाबतीत हा देश कायम पहिल्या काही क्रमांकांत असतो. कामगार संघटना आणि मालक यांच्यात जे करार होतात, त्यांतसुद्धा कॉफीची सुटी लिहिलेली असते. दुकानात अर्ध्या किलोची पाकिटं विटांसारखी रचून ठेवलेली दिसतात आणि त्यांवर भाजणीचा आकडा छापलेला असतो. सगळ्यांत जास्त खप हलक्या भाजणीचा. आपल्या फिल्टर कॉफीच्या हिशेबाने ती जवळजवळ कच्चीच वाटते. पहिल्या वर्षी मला ती नुसती आंबूस आणि पाणचट लागायची.

तर त्या प्रश्नातून आमचा क्लब सुरू झाला. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, सात जण. आम्ही दोघी, माझा नवरा, ऑफिसातला एक फिनिश सहकारी आणि त्याची बायको, इथल्या हॉस्पिटलात नर्स असलेली इथिओपियाची एक मैत्रीण, आणि शेजारच्या आजी. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, अगदी ८४ वर्षांच्या बाईंनाही. मीही मारते. मनात मात्र त्या माझ्या आजीच आहेत.

पहिली बैठक आमच्या घरी ठेवली आणि ती वाया गेली. सकाळी मी वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी दिली होती. मला घरात कसलाच वास जाणवत नव्हता, पण इथिओपियाची मैत्रीण दारातून आत आली आणि हळूच म्हणाली, "आज आपल्याला कॉफीचा वास येणार नाही." तिचं बरोबर होतं. पाच वेगवेगळ्या कॉफ्या आणल्या होत्या आणि पाचही हिंगाच्या झाल्या. पुढच्या महिन्यापासून आम्ही इमारतीच्या तळघरातल्या केर्होहुओनेत जमायला लागलो. केर्होहुओने म्हणजे रहिवाशांची सामाईक खोली. एका बाजूला सौना, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याची खोली, मध्ये आम्ही. दारावरच्या तक्त्यात नाव लिहिलं की खोली मिळते.

तुमच्यापैकी कुणाला घरी करून बघायचं असेल, तर सामान फार लागत नाही. एकसारखे काचेचे ग्लास, ग्रॅम दाखवणारा काटा, दळायचं यंत्र, किटली आणि प्रत्येकाला एक खोलगट चमचा. १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी हे जगभर चालणारं माप. आमचे ग्लास २०० मिलिलिटरचे, म्हणून आम्ही ११ ग्रॅम घेतो. जाड रव्याइतकी दळायची आणि आधी कोरडीच हुंगायची. पाणी उकळलं की जरा थांबायचं, ९३ अंशांच्या आसपास आलं की थेट ग्लासात ओतायचं. ना गाळणी, ना दूध, ना साखर. पूड वर येऊन दुधावरच्या सायीसारखा जाड थर धरते. चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. मग नाक अगदी ग्लासाला टेकवून चमच्याने तो थर मोडायचा. त्या एका क्षणी जो वास येतो, तो पुन्हा येत नाही. मला सगळ्या बैठकीत तो क्षण सर्वांत प्रिय आहे. नंतर फेस काढून टाकायचा, तोंड भाजणार नाही इतकं निवू द्यायचं आणि चमच्यातून भुरका मारायचा.

भुरका मोठ्याने मारायचा. कॉफी फवाऱ्यासारखी सगळ्या जिभेवर पसरली पाहिजे आणि तिचा वास मागून नाकात चढला पाहिजे, तरच ती कळते. माझ्या फिनिश सहकाऱ्याला हे फार जड गेलं, चारचौघांत आवाज करणं त्याच्या अंगात नाही. आजींनी मात्र पहिल्याच दिवशी असा भुरका मारला की आम्ही बघत राहिलो. त्यांचे वडील साखरेचा खडा दातांत धरून बशीतून कॉफी प्यायचे, असं त्यांनी सांगितलं. मला माझे आजोबा आठवले, अमरावतीच्या वाड्यातल्या ओट्यावर बसलेले, हातात चहाची बशी.

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. आमच्या नळाला पैयान्ने तलावाचं पाणी येतं, खडकातून खोदलेल्या १२० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून. ते इतकं मृदू आहे की किटली दोन वर्षांत पांढरी पडलेली नाही. घरी अमरावतीला बोअरच्या पाण्याने महिन्याभरात थर साचतो. पाण्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा दाबतात. त्यामुळे इथे जी कॉफी मला आंबूस लागत होती, तिच्यात पाण्याचाही हात होता.

आमचा एकच कडक नियम आहे. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने "लिंबू" म्हटलं की बाकी सहा जणांना लिंबूच लागतं, म्हणून. सुरुवातीला ही शांतता मला सहन होत नव्हती. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी आशेने इकडेतिकडे बघायचे. फिनिश मंडळी मात्र त्या शांततेत अगदी निवांत बसलेली. पाच वर्षं मी या लोकांच्या गप्प बसण्याचा अर्थ "यांना आपल्याशी बोलायचं नाही" असा लावत होते. त्या खोलीत पहिल्यांदा मला दिसलं की ते गप्प असतात तेव्हाही आपल्या सोबतच असतात. इथिओपियात घरी कॉफी करतात तेव्हा तिच्या तीन फेऱ्या होतात, त्यांतल्या पहिलीचं नाव "अबोल". मराठीत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिने तो वहीत लिहून घेतला.

दुसरा नियम नंतर आला आणि माझ्या मते क्लबचा खरा जीव त्यातच आहे. सुरुवातीला आम्ही कॉफीच्या चवींचं एक चक्र छापून भिंतीवर लावलं होतं. ब्लूबेरी, मेपल सिरप, ब्लॅककरंट असे रंगीत कप्पे. मी केनियाच्या कॉफीचा भुरका मारला, चक्राकडे बघितलं आणि "ब्लॅककरंट" लिहिलं, कारण केनियाच्या कॉफीला तेच म्हणतात असं वाचलं होतं. मी इथे येईपर्यंत ब्लॅककरंट पाहिलंही नव्हतं. माझ्या सहकाऱ्याच्या बायकोने "मुस्ताहेरुक्का" लिहिलं होतं. फळ तेच. पण ती सांगत होती लहानपणच्या सर्दी-तापाबद्दल, आईने गरम करून दिलेल्या त्या फळाच्या रसाबद्दल. तिचा शब्द खरा होता, माझा उसना.

तेव्हापासून प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचं आणि मग समजावून सांगायचं, असं ठरलं. पुढच्या महिन्यात तीच कॉफी पुन्हा केली. मी डोळे मिटले आणि लिहिलं, "आंबिया बहाराचं संत्रं, सालीसकट." मग वरुड-मोर्शीकडच्या बागा, वर्षाचे दोन बहार, मृगाचं संत्रं गोड आणि आंबियाचं जरा आंबट, हे सगळं सांगत बसले. सगळे ऐकत होते. सहा जणांनी पुन्हा भुरका मारला आणि आजी म्हणाल्या, "हो, साल आहे."

मराठीत चवीचे किती शब्द आहेत, हे मला एस्पोच्या तळघरात कळलं. सपक, पाणचट, मचूळ, खवट, कुबट, करपट, आंबूस, उग्र. "खमंग" हा शब्द मला अजून कुणाला नीट समजावता आलेला नाही. "तुरट" मात्र कुंभकोणमच्या मैत्रिणीला लगेच कळला, तमिळमध्ये "तुवर्प्पु". फिनिश मंडळींना तो मी कच्च्या केळ्याची साल चावायला देऊन समजावला.

सगळ्यांत जास्त आठवते ती चिकरीची बैठक. त्या दिवशी कॉफी आणायची पाळी कुंभकोणमच्या मैत्रिणीची होती. तिने आईने पाठवलेली पूड आणली होती, चिकरी घातलेली. कुणालाही न सांगता तिने ती चार ग्लासांमध्ये एक म्हणून ठेवली. तिच्यासाठी तो घराचा वास, पितळी डबरा-टंबलरचा, सकाळचा. आजींनी भुरका मारला, चमचा खाली ठेवला आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, "कोर्विके". म्हणजे बदली कॉफी. युद्धाच्या काळात इथे खरी कॉफी मिळेनाशी झाली आणि लोक राय, जव, चिकरीची मुळं भाजून काढा करायचे. युद्धानंतरची पहिली कॉफी घेऊन "हेराक्लेस" नावाचं जहाज १९४६ च्या फेब्रुवारीत तुर्कूच्या बंदराला लागलं, आणि कॉफीवरचं रेशनिंग उठायला १९५४ साल उजाडलं. आजी तेव्हा शाळेत होत्या. आई रोज त्या काढ्याचा कप हातात धरून खिडकीपाशी बसायची आणि कधीच पूर्ण प्यायची नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

मैत्रिणीचा चेहरा पडला. आपण आईची कॉफी आणली आणि ती यांना उपासमारीची लागली, असं तिला वाटलं. पण आजींनी तो ग्लास पुन्हा जवळ ओढला, यात नेहमी काय घालतेस ते घाल म्हणाल्या. मग खोलीतल्या छोट्या शेगडीवर दूध तापलं, साखर पडली, मैत्रिणीने दोन ग्लासांत वरखाली करून फेस आणला. आजी सगळं प्यायल्या. नियम मोडला, पण त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही.

आता माझ्या पाळीबद्दल. महाराष्ट्रात कॉफी होते, हे माझ्या इथल्या मराठी मैत्रिणींनाही माहीत नव्हतं. आमच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, चिखलदऱ्याला होते. लहानपणी सहलीहून येताना बाबा हमखास पाकीट आणायचे. दादा गेल्या वर्षी इथे आला तेव्हा त्यालाही आणायला सांगितलं. मी तीन ग्लास मांडले, दोनांत चिकमगळूरची कॉफी, एकात चिखलदऱ्याची, वेगळा ग्लास ओळखायचा. चव ओळखण्याच्या जागतिक स्पर्धेत अशी आठ त्रिकुटं आठ मिनिटांत सोडवतात. आम्हाला एकाला दहा मिनिटं लागतात. ग्लासांची जागा नवऱ्याने बदलली, म्हणजे मलाही माहीत नको.

मी चुकले. उरलेल्या सहांपैकी चौघांनी बरोबर ओळखलं, मी आत्मविश्वासाने चिकमगळूरच्या ग्लासावर बोट ठेवलं. रात्री बराच वेळ झोप लागली नाही. मग लक्षात आलं की आमच्या घरी ती कॉफी कधी नुसती कुणी प्यायलीच नव्हती. आई ती म्हशीच्या दुधात उकळायची, वर जायफळ किसायची, वेलची टाकायची. चिखलदऱ्याची कॉफी म्हणून मी आयुष्यभर जे ओळखत होते, ते जायफळ होतं. शिवाय ते पाकीट पूड केलेलं होतं आणि आणल्यावर माझ्याकडे चार महिने कपाटात पडून होतं, त्यामुळे बिचाऱ्या कॉफीचा तरी काय दोष. वहीत त्या दिवशीच्या नोंदींमध्ये इथिओपियाच्या मैत्रिणीने लिहिलंय, "जुनी झाली आहे, पण खाली काहीतरी गोड आहे. ताजी हवी."

दादा मार्चमध्ये पुन्हा येतोय. त्याला सांगून ठेवलंय, या वेळी पूड नको, अख्ख्या बिया आण, आणि भाजल्याची तारीख पाकिटावर पेनने लिहून घे. केर्होहुओनेच्या तक्त्यात मार्चचा शेवटचा रविवार मी आत्ताच लिहून आले.