तिसऱ्या फेरीतला कोपरा

अमृतमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि शाळेच्याही आधी पी.टी.चे सर आठवले. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणितात मी ३५ वर सुटलो ते त्यांच्याच कृपेने.

मी १९९१च्या तुकडीचा, ८०० मीटरवाला. म्हणजे आपल्या मैदानाच्या चार फेऱ्या. पहिल्या दोन जीव खाऊन पळायचो. तिसरीत संडासाच्या कोपऱ्यावर पाय जड झाले की मागे वळून बघायचो. बघितलं की संपलंच. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या शनिवारी सरांनी मला पळूच दिलं नाही. फक्कीच्या रेषेबाहेर, लिंबाखाली बसवलं आणि डोळे मिटायला लावले. "हं, पळ. तोंडाने."

मी सुरुवात सांगितली आणि थेट पहिला नंबर काढून मोकळा झालो. सरांनी शिट्टीची दोरी पोटरीवर हाणली. "कोपरा कुठे गेला? पाय जड होणारच. तेव्हा काय करशील?"

"मागे बघणार नाही, सर."

"काय करणार नाहीस ते नको. काय करशील?"

बऱ्याच वेळाने "हात जोरात हलवीन" एवढंच सुचलं.

"बास. आता पुन्हा पहिल्यापासून." घंटा होईपर्यंत सात-आठ शर्यती मी बसल्या जागी पळालो.

जिल्ह्याला ४०० मीटरचा ट्रॅक, दोनच फेऱ्या. कोपरा सापडेचना. दुसऱ्या फेरीत पाण्याच्या टँकरपाशी पाय शिशाचे झाले तेव्हा ओळखलं, हाच तो. हात हलवले. चौथा आलो, पदक नाही. सरांनी नंबर विचारला नाही. "कोपरा कुठे आला?" एवढंच विचारलं.

सध्या ठाण्यात बँकेत आहे. पोटाविषयी न लिहिलेलं बरं, पण मुंबई मॅरेथॉन, पूर्ण ४२.१९५ किलोमीटर, दोनदा पळालोय. आमच्या ग्रुपमध्ये लिंबाखालच्या त्या प्रकाराला 'व्हिज्युअलायझेशन' म्हणतात आणि पैसे भरून शिकतात! २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, पळाला, तेव्हा मी टीव्हीसमोर उभाच होतो. १९९८पासून तिथली तिन्ही पदकं केनियाच नेत होता. केनियाच्या किबिवोटचं सोनं आणि अविनाशचं रौप्य यांत अंतर किती, तर ०.०५ सेकंद. पायांत ताकद तर होतीच. पण केनियाच्या तिघांसोबत पळताना आपला नंबर चौथा असं त्याने आधीच धरून ठेवलं नव्हतं, हे मला जास्त मोठं वाटतं. सरांना तो फार आवडतो.

पहिल्या मॅरेथॉननंतर सरांना फोन केला होता. "कोपरा?" त्यांनी विचारलंच.

"पेडर रोडच्या चढावर, सर."

"तिथेपण संडास आहे का रे?"

सर आता फारसे बाहेर पडत नाहीत. कार्यक्रमाला येणार असतील तर गाडी मी पाठवतो. फक्त त्यांना मागच्या फाटकाने आणू नका. निम्म्या मैदानावर आता गाड्या उभ्या असतात, आणि लिंबही तोडलाय.