शिणाण्यांची दोरी आणि खाडीतले मीठ

रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात शिकत असताना आमच्या प्रात्यक्षिकांचा बराचसा वेळ पाण्याची क्षारता मोजण्यात जात असे. भरतीचे पाणी, ओहोटीचे पाणी, पृष्ठभागाचे आणि तळाचे, अशा बाटल्या भरून आणायच्या आणि वहीत आकडे लिहायचे, एवढेच ते काम होते. त्या आकड्यांवर किती घरांची एका हंगामाची कमाई अवलंबून असू शकते, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या खाडीत शिणाण्यांच्या दोऱ्या टांगल्या गेल्या तेव्हा कळले.

शिणाणे म्हणजे हिरव्या कडेच्या दोन शिंपल्यांत राहणारा, खाल्ला जाणारा जीव. ते कालवासारखेच पण लांबट असते. समुद्रात घुसलेल्या खडकांना ते आपल्या तंतूंनी घट्ट चिकटून राहते आणि ओहोटी लागली की बायाबापड्या ते खरवडून काढतात. त्याला खायला काही घालावे लागत नाही. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर ते वाढते, आणि म्हणूनच कोळंबीच्या तलावाला लागते तेवढे भांडवल, खाद्य आणि वीज यांपैकी काहीही शिणाण्यांच्या शेतीला लागत नाही. ज्या घरात होडी नाही आणि जमीनही नाही, त्या घराला परवडणारी ही शेती आहे. कोकणासाठी मला ती इतकी मोलाची का वाटते, त्याचे कारण हेच.

दोरीवरची पद्धत सोपी आहे, पण तिच्यातील प्रत्येक पायरीमागे कोणीतरी वर्षानुवर्षे केलेले काम आहे. पाऊस संपल्यावर खडकांवर धरलेले बोटाच्या पेराएवढे बी, म्हणजे लहान शिणाणी, काढायचे, ते जाड दोरीभोवती पसरायचे आणि वरून सुती जाळीदार कापड शिवून घ्यायचे. थोड्याच दिवसांत शिणाणी आपले तंतू काढून दोरीला धरतात, तोवर कापड पाण्यात कुजून गळून जाते आणि दोरी बांबूच्या मांडवाला किंवा तराफ्याला लोंबत राहते. मीटरभर दोरीला साधारण दीड किलो बी लागते आणि जागा चांगली असेल तर पाच-सहा महिन्यांत त्याचे दहा किलोंच्या आसपास शिणाणे होते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. कासिम आणि डॉ. पारुळेकर यांच्या गटाने सत्तरच्या दशकातच तराफ्यावरील दोऱ्यांचे प्रयोग करून ते प्रसिद्ध केले होते. हेच डॉ. कासिम पुढे १९८१ साली अंटार्क्टिकावरील पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते झाले. रत्नागिरीतही सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राने तराफ्यावर शिणाणे वाढवून पाहिले. पर्यटक ज्या केंद्राला मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा यांमुळे ओळखतात, तेच हे केंद्र. ते १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठापेक्षाही जुने असून नंतर विद्यापीठाकडे आले. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने महिला बचत गटांनी शिणाणे, कालवे आणि खेकडे यांची शेती केली, तीही याच वाटेवरची.

मग अडते कुठे? माझ्या मते तंत्र शिकवण्यात अडत नाही. अडते ते पाण्यातील मिठावर.

मोकळ्या समुद्रात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग मीठ असते. खाडीत ते नदीच्या पाण्याप्रमाणे रोज बदलते, आणि शिणाण्याला खारे पाणी लागते. क्षारता फार खाली गेली की ते शिंपले मिटून घेते, काही दिवस तग धरते आणि मग मरते. कालवाला गोड्या पाण्याची सवय त्याहून अधिक असते, म्हणून ज्या खाडीत शिणाणे टिकत नाही तिथे कालव जगू शकते. यामुळे शिणाण्यांचे सगळे वेळापत्रक दोन पावसांच्या मध्ये बसवावे लागते. नोव्हेंबर-डिसेंबरात दोरी पाण्यात जाते आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या, आधी, मेअखेरपर्यंत, ती बाहेर यायला हवी.

पण आगोट आता ठरल्या दिवसाला येईल याचा भरवसा राहिलेला नाही. २०२५ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस २५ मे रोजी देवगडला आणि २६ मे रोजी मुंबईला पोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मासे पकडणाऱ्यांना पावसाळी बंदीमुळे १ जूनची तारीख पाठ असते, त्यामुळे गावातल्या साऱ्याच कामांचा हिशेब त्याच तारखेवर बसतो. आमच्या खाडीतील गटाने दोऱ्या काढण्याचा मुहूर्त असाच मेच्या शेवटच्या दिवसांतला धरला होता. पाऊस लागला, नदी लाल होऊन उतरली, आणि चार दिवसांनी दोऱ्या वर घेतल्या तेव्हा बरीच शिणाणी उघड्या तोंडाने लोंबत होती. गटातील एका मावशींनी खाडीचे पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावले आणि मला म्हणाल्या, “पानी ग्वाड झालं, बाय.” पाण्याची चव त्यांना कळत होती. आठवडाभर आधी कळायला हवे होते, आणि ते सांगणारे कोणी नव्हते.

प्रयोगशाळेत जे मोजले जाते ते शोधनिबंधात जाते आणि निबंध वर्ष-दोन वर्षांनी छापून येतो. शास्त्रासाठी तो वेग योग्यच आहे. पण दोरीला बांधलेल्या जिवासाठी एका आठवड्याचा आकडा त्याच आठवड्यात किनाऱ्यावर पोचायला हवा. शिणाण्यांच्या जागा आणि विक्री यांचेही प्रश्न आहेत. खाडीचे पाणी कोणाच्याही नावावर नसते, त्यामुळे मांडव टाकणाऱ्याच्या हाती भक्कम कागद राहत नाही. शिवाय पाणी गाळून जगणाऱ्या या जिवात सांडपाण्यातील जंतूही साठतात, त्यामुळे खाण्याआधी ते स्वच्छ खाऱ्या पाण्यात काही काळ ठेवून शुद्ध करावे लागते. या दोन्ही गोष्टींना शासन, निधी आणि वेळ लागेल. क्षारतेच्या आकड्याला तसे काही लागत नाही.

क्षारता मोजण्याचे हातात धरायचे रिफ्रॅक्टोमीटर आम्ही महाविद्यालयात वापरत होतो. त्याला पाण्याचे दोन थेंब पुरतात, आणि काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरले की आकडा वाचता येतो. मार्चपासून आगोटीपर्यंत प्रत्येक खाडीत ठरलेल्या दोन जागी, भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) आणि उधाणाला (ती सर्वांत मोठी असते तेव्हा), सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या शेवटी हे मोजमाप व्हावे, ते मत्स्य महाविद्यालयातील मुलामुलींनी गटातील बायांच्या बरोबरीने करावे, आणि क्षारता कोणत्या आकड्याखाली उतरली की दोऱ्या काढायला लागायचे, हे विद्यापीठाने त्या त्या खाडीसाठी ठरवून गटांना कळवावे, असे पत्र मी लिहून ठेवले आहे. आमच्या गटासाठी एक रिफ्रॅक्टोमीटर मी स्वतः विकत घेतले आहे. पुढच्या मार्चमध्ये पहिला थेंब मावशी टाकतील. आकडा वाचायला त्या आत्ताच शिकल्या आहेत, आणि जिभेवरची चव व काचेवरचा आकडा शेजारी शेजारी लिहायला त्यांनी एक वहीही घातली आहे.