तुम्ही विचारलंत म्हणून: झड लागलेल्या दिवशी पुण्यात काय करायचं?

जुलै-ऑगस्टात हा प्रश्न हमखास येतो. सुट्टी आहे, पावसाची झड लागलेली आहे, सिंहगड-लोणावळ्याची गर्दी नको, आणि घरात बसलं की राहिलेली कामं दिसायला लागतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सकाळी कपडे आणि समई, दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय, रात्री प्रभात फिल्म कंपनीचा जुना चित्रपट ‘कुंकू’. क्रमही हाच ठेवावा. सकाळी जी वस्तू हाताने घासली, तिची भावंडं दुपारी काचेमागे भेटतात, आणि ती ज्या घरांत वापरली जायची तशा घराची गोष्ट रात्री पडद्यावर दिसते.

आधी कपडे, कारण त्यांना वेळ लागतो. मशिन अर्धंच भरा. चादरी, जीन्स, जाड टॉवेल या दिवशी नकोतच. साबण नेहमीपेक्षा कमी घाला. तो कापडात राहिला की कुबट वास लवकर धरतो. धुणं झाल्यावर पाच मिनिटं नुसतं पुन्हा पिळायला लावा. कपडे उन्हाइतकेच वाऱ्याने वाळतात, त्यामुळे दोरी पंख्याखाली हवी आणि दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवं. पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून टांगा. शेवटपर्यंत ओले राहतात ते खिसे आणि कंबरपट्टा. पावसाच्या झोताकडची खिडकी बंद ठेवा, विरुद्ध बाजूची बोटभर उघडी. सगळंच बंद केलं तर खोलीतली हवा दमट होऊन बसते आणि पंखा तीच फिरवत राहतो.

आता समई. बहुतेकांची चूक इथेच होते: तेलकट समईवर थेट चिंच. काजळी मिसळून चिकट झालेल्या तेलाखाली आंबट पोचतच नाही. समईचे फिरकीचे भाग आधी सुटे करा: बैठक, दांडी, तेलाची वाटी, वरचा मोर किंवा कळस. कडकडीत पाणी आणि भांड्यांचा साबण घालून तेल काढून टाका. मग लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कोळ काढा, त्यात अर्धा चमचा मीठ घाला आणि मऊ कापडाने घासा. नक्षीत जुना दातांचा ब्रश चालतो, तारेची घासणी अजिबात नाही. पाचेक मिनिटांत धुऊन टाका. कोळ लावून ठेवला की पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांब्याचे गुलाबी डाग दिसायला लागतात. ते पुन्हा पिवळे होत नाहीत, फार तर पॉलिशवाल्याकडून वरचा थर घासून काढावा लागतो.

पावसाळ्यात खरा घात करतात त्या फिरकीच्या खाचा. वरून समई कोरडी दिसते, आत पाणी राहतं; महिन्याभरात हिरवं धरतं आणि भाग एकमेकांत असे अडकतात की पकडीशिवाय सुटत नाहीत. म्हणून कापडाचं टोक पिळून खाचेत फिरवा, भाग दोन-तीन तास सुटेच ठेवा आणि समई संध्याकाळी जोडा.

घरात जुना अडकित्ता असेल तर त्याला मात्र चिंच लावू नका. त्याचं पातं लोखंडी असतं आणि आंबटाने ते गंजतं. कोरड्या कापडाने पुसून खिळ्यावर शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब पुरे. तो चकचकीत करायचा मोह टाळा. वर्षानुवर्षांच्या हातांनी दांड्यांना आलेला गुळगुळीतपणा एकदा घासून घालवला की परत येत नाही.

जेवणाचा घाट घालू नका, मुगाची खिचडी करा आणि निघा.

संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ आहे. पार्किंगच्या नादी न लागता मंडई मेट्रो स्थानकावरून चालत जा. पायांत तळ घट्ट असलेल्या चपला घाला, आत जिने आहेत. अंग आणि छत्री निथळून मगच आत शिरा. ओल्या कपड्यांनी दालनातला दमटपणा वाढतो, आणि लाकूड-कापडाच्या वस्तूंना तो सोसत नाही.

दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे संग्रहालय उभं केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तरीही सगळं पाहायला गेलात तर काहीच दिसणार नाही. मी सांगेन, दिवे, अडकित्ते आणि वज्र्या (अंघोळीत टाचा घासायच्या) एवढंच निवडा. अडकित्त्यावरची माणसं आणि प्राणी सगळेच बघतात. तुम्ही खिळा कुठे आहे ते बघा. तो अगदी टोकाला असतो, सुपारी त्याच्या लगेच मागे आणि हात लांब मागे. दांडे जितके लांब, तितका जोर कमी लागतो. वज्री पाहताना वरच्या पक्ष्यावरून नजर काढून खालचा खरबरीत तळ बघा. काम तो करतो. वेळ उरला तर मस्तानी महालाचं दालन आहे. वस्तू घरातल्या वापराच्या आणि इतक्या मन लावून घडवलेल्या, म्हणूनच हे मला पुण्यातलं सगळ्यात जिव्हाळ्याचं संग्रहालय वाटतं.

रात्री ‘कुंकू’. १९३७ चा, व्ही. शांताराम यांचा. फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, ते लग्न मानायलाच नकार देते. याला पार्श्वसंगीत नाही. गाणी सोडली तर ऐकू येतात ते घरातलेच आवाज, आणि भिंतीवरचं घड्याळ जवळजवळ एक पात्रच आहे. म्हणूनच पत्र्यावर पाऊस वाजत असताना हा चित्रपट टीव्हीच्या स्पीकरवर लावू नका. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खर्ज आणि टीप दोन्ही कमी, आवाज सगळा मधल्या पट्टीत. पावसाच्या खरखरीत शब्द बुडतात. हेडफोन लावा, किंवा स्पीकर जवळ ओढून त्याचा बेस कमी करा.

टीव्हीवर चित्राचा आकार ‘चार बाय तीन’ करून घ्या. ‘पूर्ण पडदा’ ठेवलात तर म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेतले केशवराव दाते आडवे ताणलेले दिसतात. शार्पनेस खाली आणा, नाहीतर फिल्मचे कण वाळूसारखे उठतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. इतकं करूनही प्रत धूसर वाटली तर राग धरू नका: त्या काळची नायट्रेट फिल्म सहज पेट घेते, आणि २००३ साली पुण्यातल्या साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातची कितीतरी रिळं गेली. उरलेल्या प्रतींवरच आपलं पाहणं चालू आहे.

चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. साडेआठच्या आत लावा, आणि मध्ये उठलात तर कपड्यांच्या बाजू पालटून या.