आमची वाटचाल : दोन तंबोरे, एक पेटी आणि गार्डकाका

पतसंस्थेतली कारकुनी सोडून गाण्याचा क्लास काढतोय म्हटल्यावर वडील म्हणाले, "मिरजेत गाणं शिकवणार? समुद्रावर मीठ विकायला बसल्यासारखं आहे." चूक नव्हतं त्यांचं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँसारखे गवई ज्या गावात राहिले, जिथले तंबोरे देशभर जातात, तिथं मला कोण विचारणार?

भांडवल म्हणजे दोन तंबोरे आणि एक जुनी पेटी. पहिला महिना फक्त सा. पालक वैतागायचे. पण सा घटवल्यावर मूल मध्येच थांबतं, कपाळाला आठी घालतं आणि स्वतःच पुन्हा लावतं. चुकलं हे त्याला माझ्याआधी कळलेलं असतं. शाळेत चूक लाल पेनानं कळते. या एका आठीसाठी मी नोकरी सोडली, असं म्हटलं तरी चालेल.

पुढची अकरा वर्षं बरी गेली.

मग दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळायला लागले. आमच्याच एका विद्यार्थ्यानं, ज्याला मी खर्ज, म्हणजे खालचा सा, लावायला शिकवला त्यानं, दोन घरं सोडून क्लास थाटला. फलकावर मोठ्या अक्षरांत 'परीक्षेची हमी'! ठरलेले राग, पाठ केलेल्या ताना, तंबोरा मोबाइलवर. एक आई मला स्पष्ट म्हणाली, "सर, तुमच्याकडे गाणं चांगलं आहे हो, पण आम्हाला मार्क हवेत." बावन्न मुलांची सात झाली. सातातली दोन माझी भाची. भाडं थकलं, एक तंबोरा विकायला काढला.

त्या जूनमध्ये एका संध्याकाळी एकटे गार्डकाका आले. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर साठाव्या वर्षी शिकायला लागलेले. गळा बेताचा, कान मात्र तिखट; डब्याखालचा आवाज बदलला तरी कळायचा म्हणे. मी तंबोरा जुळवत होतो. पंचमाची तार लागली, जोडीच्या तारा मिळाल्या, खर्जाची तार मात्र बोदा. "दोरा सरकलाय मास्तर," ते म्हणाले. तारेखालचा दोरा घोडीवर केसभर मागं घेतला आणि जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंजन, खुलली. दोघंही बराच वेळ नुसते ऐकत बसलो. जाताना त्यांनी वर्षाची फी सतरंजीवर ठेवली. तंबोरा विकला नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पेटी घेताना पॉलिश बघू नका. भाता भरा, एकही पट्टी न दाबता सोडा. लगेच बसला तर पेटी परत द्या. तंबोरा भिंतीला टेकवून ठेवू नका, घरात मांजर असेल तर मुळीच नको. आणि मुलाला 'गाऊन दाखव' म्हणून पाहुण्यांपुढं उभं करू नका, निदान पहिली दोन वर्षं.

आज एकोणचाळीस विद्यार्थी आहेत. परीक्षेलाही बसवतो, नाही असं नाही, पण मूल तयार झाल्यावर.

गेल्या दिवाळीनंतर तो दोन घरांपलीकडचा दारात उभा राहिला. त्यानं नवा तंबोरा घेतला होता, घोडी घासून जवारी कुणाकडून काढून घेऊ म्हणून विचारत होता. मी कारागिराचं नाव सांगितलं, गल्लीही सांगितली. गार्डकाका कोपऱ्यात बसले होते. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.