आधी घर बघतो, मग पिल्लू : आमची वाटचाल

मुलं असलेल्या घरांना पिल्लू निवडायला मदत करायची, या आमच्या आजच्या कामाची सुरुवात झाली ती कोणी न्यायलाच न आलेल्या एका कुत्र्यामुळे.

तेव्हा मी आणि माझा मोठा भाऊ मिळून कुत्र्यांचं बोर्डिंग चालवायचो. घरची मंडळी सुट्टीला गेली की कुत्रं आमच्याकडे, परत आली की त्यांच्याकडे. एका कुटुंबानं सात महिन्यांचा लॅब्रॅडॉर दहा दिवसांसाठी ठेवला. दहाचे वीस झाले, फोन कोणी उचलेना. शेवटी बाईंनी स्वतःच एकदा फोन केला. "ताई, रागावू नका, पण त्याला तुम्हीच कुणाला तरी देऊन टाका. तो मुलांना पाडतो हो. धाकटी दिवसभर सोफ्यावरून खाली उतरत नाही. आम्हाला वाटलं होतं, लॅब म्हणजे शांत."

मला राग आला आणि तो चांगला दोन दिवस टिकला. मग तो कुत्रा माझ्यासमोर बोर्डिंगच्या अंगणात बादलीला टकरा देत खेळत होता, तेव्हा लक्षात आलं, सात महिन्यांचा लॅब म्हणजे 25 किलोंच्या आसपासचं अंग आणि डोकं अजून पिल्लाचं. शांतपणा यायला अजून दीड-दोन वर्षं होती. हे त्या बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्यानं मुलांच्या हातात गोळा दिला, मुलं खूश झाली, पैसे मिळाले, विषय संपला. दादा म्हणाला, "मग घेण्याआधीचे प्रश्न आपण विचारू की." मुलं असलेल्या घरांना पिल्लू निवडायला मदत करायची, असं ठरलं ते तिथं.

पहिलं वर्ष आम्ही हे काम चुकीचं केलं. दोन प्रकारे.

एक म्हणजे कमिशन. घरवाल्यांकडून थोडी फी आणि ब्रीडरकडून, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याकडून, दर पिल्लामागे काही रक्कम, अशी आमची मिळकत होती. सुरुवातीला यात काही गैर वाटलं नाही. पण एकदा एका ठिकाणी पिल्लं बघायला गेलो, तर आई दाखवायला नाही, पिल्लांच्या पोटांचे नगारे झालेले, म्हणजे जंत असणार. मी मनात म्हणत होते, "नाही, इथून नको," आणि तोंडानं म्हणत होते, "डीवर्मिंग केलं की होईल नीट." परतताना गाडीत दोघंही गप्प होतो. त्या महिन्यात कमिशन बंद केलं. पुढचं वर्षभर बोर्डिंगच्या पैशांवर भागवलं. आता फी फक्त घरवाल्यांकडून, आणि पिल्लू घेतलं नाही तरी तेवढीच.

दुसरी चूक म्हणजे तक्ता. ऑफिसच्या भिंतीवर आम्ही मोठ्या हौसेनं एक तक्ता लावला होता. लहान मुलं असतील तर या जाती, मोठी असतील तर त्या, केस गळायला नको असतील तर त्या तिसऱ्या. लोकांना तो फार आवडायचा. फोटो काढून न्यायचे. त्या तक्त्याच्या भरवशावर आम्ही एका घरी बॉर्डर कोली सुचवला. पाच वर्षांची जुळी मुलं, मोठं अंगण, आईवडील दोघंही रोज पळायला जाणारे. हुशार कुत्रा, चपळ कुत्रा, काय हवं अजून? चार महिन्यांनी त्यांनी व्हिडिओ पाठवला. मुलं अंगणात पळताहेत, कोली मान खाली घालून, पोट जमिनीला टेकवत त्यांच्याभोवती गोल फिरतोय आणि फुटून पळणाऱ्या मुलाच्या टाचेला दात लावून त्याला परत आणतोय. मेंढ्या वळवण्यासाठी माणसानं पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली जात ती. पळणारी मुलं म्हणजे त्याच्या लेखी कळपातून निसटलेली कोकरं. कुत्रा त्याचं काम चोख करत होता. जुळ्यांतल्या एकाच्या पायावर मात्र वळ उठले होते. आठ महिने आम्ही पदरमोड करून त्या घरी ट्रेनिंग दिलं. कुत्रा तिथंच राहिला, हे त्या आईवडिलांचं कौतुक, आमचं नव्हे.

तक्ता उतरवला. पुढे 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, 18 हजारांहून जास्त कुत्र्यांचा. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीमुळे येणारा भाग सरासरी 9 टक्क्यांच्या आसपास निघाला. दादानं ते वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे आपला तक्ता शंभरात नऊ तरी बरोबर होता." तसं ते गणित नाही, पण त्याला समजावण्यात अर्थ नाही.

जात अगदीच निरुपयोगी असं माझं म्हणणं नाही. अंगानं केवढा होणार, केस किती गळणार, कोणता आजार मागे लागू शकतो, हे जातीवरून बरंच कळतं. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास होऊ शकतो, मुलांच्या मागे उन्हात धावायला लावलं तर तो जिवावर बेतेल. डाल्मेशियनमध्ये जन्मतः बहिरेपण इतर जातींपेक्षा जास्त आढळतं, म्हणून पिल्लाची श्रवणचाचणी झाली आहे का ते विचारायचं. लॅबच्या खादाडपणामागे काही कुत्र्यांत चक्क जनुकातला बदल असतो. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तो शोधला, आणि सुमारे चारांतल्या एका लॅबमध्ये तो सापडला. ज्या घरात मुलं खाऊ हातात घेऊन फिरतात, तिथं हे माहीत असलेलं बरं. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागायचे. ब्रीडर कुरकुरला तर समजून जायचं.

पण पिल्लाचा स्वभाव कळतो तो त्याच्या आईकडे आणि पहिल्या काही आठवड्यांकडे बघून. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांवर कैक वर्षं काम केलं आणि 1965 मध्ये ते मांडलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लाचं मन जगासाठी उघडं असतं. या काळात जे भेटलं ते आपलं, जे भेटलं नाही त्याची पुढे भीती. मुलाचा आवाज, मुलाची लटपटती चाल, खेळण्याचा खडखडाट या गोष्टी तेव्हा कानावर-डोळ्यावर पडल्या नसतील, तर सहा महिन्यांनी तेच पिल्लू घरी आलेल्या छोट्या पाहुण्यावर भुंकतं आणि लोक म्हणतात, "आमच्या मुलांशी तर किती छान वागतो!"

म्हणून आमचा पहिला प्रश्न ठरलेला, "आई दाखवा." आई आमच्याजवळ येते का, पिल्लांना हात लावला तर ताठ होते का, वेत घरात वाढलंय की मागच्या बंद खोलीत, हे बघतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून देणाऱ्याकडून आम्ही घेत नाही. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की समोरचा किंचाळतो आणि खेळ थांबतो. हा धडा चुकला की तो पुढे तुमच्या मुलाच्या हातावर गिरवला जातो.

पिल्लू निवडायच्या दिवशी मुलांना नेऊ नका, असं आम्ही सांगतो. लोक ऐकत नाहीत. एकदा सहा वर्षांची एक मुलगी आली होती. कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेलं एक पिल्लू तिनं पाहिलं आणि तिथंच बसकण मारली. "मावशी, याला कोणी खेळायला घेत नाही. मला हाच हवा." तिच्या आईचे डोळे भरले, वडील पाकीट काढू लागले. मी फरशीवर बसले आणि किल्ल्यांचा जुडगा थोडा लांब टाकला. बाकीची चार पिल्लं दचकली. दोन पळून परत हुंगायला आली, एकानं तर जुडगा तोंडात धरून पळ काढला. कोपऱ्यातलं पिल्लू लघवी करून बसलं आणि पाच मिनिटं झाली तरी हललं नाही. दचकणं हरकत नाही. सगळेच दचकतात. मी बघते ते परत किती लवकर येतं ते. मग पंजे धरले, कान उचलले, ओठ वर करून दात पाहिले, मांडीवर उताणं धरलं. थोडी वळवळ करून सैल पडणारं पिल्लू मला मुलांच्या घरासाठी आवडतं. सर्वांत आधी धावत येऊन बाकीच्यांना बाजूला ढकलणारं नको, आणि कोपऱ्यातलंही नको. एका दुपारच्या अशा चाचणीवरून मोठेपणीचा स्वभाव नक्की कळत नाही, हे मी फीची पावती देतानाच सांगते. त्या मुलीला मधलं पिल्लू मिळालं. ती गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. कोपऱ्यातलं पुढे मुलं नसलेल्या एका शांत जोडप्याकडे गेलं आणि मजेत आहे.

हे सगळं झालं पिल्लाचं. आमचा जास्त वेळ जातो घर बघण्यात. मी घरी जाते, चहा घेते आणि विचारते, "रात्री तीन वाजता कोण उठणार?" खोलीत शांतता पसरते. पिल्लू लघवी किती तास धरू शकतं याचा साधा हिशेब आहे : जितक्या महिन्यांचं तितके तास, वर फार तर एक. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेही नशीब असेल तर. झोपून उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळ झाला की बाहेर. वडील आईकडे बघतात, आई मुलाकडे, आणि मुलगा छाती पुढे काढून म्हणतो, "मी करीन." करेल, आठवडाभर. पिल्लू मुलासाठी आणा, पण जबाबदारी घ्यायला मोठं माणूस नसेल तर मी फॉर्म परत पिशवीत घालते. आज आठ वर्षांचा मुलगा कॉलेजात जाईल तेव्हा तो कुत्रा म्हातारा झालेला असेल आणि मुलगा कदाचित दुसऱ्या गावी.

सर्वांत धाकटं मूल पाच-सहा वर्षांच्या आत असेल तर मी बहुतेक वेळा "थांबा" म्हणते. पिल्लाचे 28 दुधाचे दात सुईसारखे असतात. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ते पडून 42 पक्के दात येतात, आणि तोवर समोर दिसेल ते चावायचं असतं. रांगणारं मूल आणि दात शिवशिवणारं पिल्लू यांना एका खोलीत मोकळं सोडणं दोघांवर अन्याय आहे. काही घरांना मी पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचं, मुलांमध्ये वाढलेलं कुत्रं दत्तक घ्यायला सुचवते. समोर दिसतो तोच स्वभाव, अंदाज कमी. पण "आम्हाला लहानपणापासून वाढवायचंय" हे वाक्य आडवं येतं. आणि एकाला सोबत म्हणून एकाच वेताची दोन पिल्लं नेणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. एकाचंच नीट होत नाही हो.

मुलांसाठी आमच्याकडे वेगळा तास असतो, पालकांना बाहेर बसवून. झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, आणि ते दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं, म्हणजे फार वेळ हात लावायचा नाही. खाताना जवळ जायचं नाही. गळ्यात पडून मिठी मारायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. लहान मुलांना चावे बहुतेक ओळखीच्या कुत्र्याचेच बसतात, आणि बरेचदा चेहऱ्यावर. मग मी चित्रं दाखवते : झोप आलेली नसताना जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, एकदम थिजणं. मुलं हे मोठ्यांपेक्षा झटकन ओळखतात. पालकांसाठी एकच जास्तीचं सांगणं असतं : गुरगुरलं म्हणून पिल्लाला फटका मारू नका. पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावेल.

लसींच्या बाबतीत आमचं आणि काही डॉक्टरांचं सुरुवातीला वाजायचं. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारे डोस दर दोन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत चालतात आणि तोवर बाहेर काढू नका, असा सल्ला मिळायचा. त्यांचंही खरं आहे, पार्व्हो हा पिल्लांचा विषाणूजन्य आजार भयंकर आहे. पण सोळा आठवडे घरात कोंडलं तर मन उघडं असण्याचा काळच संपतो. 2008 मध्ये प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेनं पहिल्या लसीनंतर आठवडाभरानं स्वच्छ जागी, लस झालेल्या पिल्लांसोबत वर्ग सुरू करावेत असं म्हटलं होतं, ते वाचलं तेव्हा आम्हाला आधार मिळाला. रस्ता, बस, शाळेची सुट्टी होतानाचा गलका आम्ही पिल्लाला कडेवर घेऊन दाखवायला लावतो. रेबीजची लस मात्र ठरलेल्या दिवशी, त्यात चर्चा नाही. आणि कुणाच्याही कुत्र्यानं मुलाला ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, मग तडक डॉक्टरकडे. हे मी प्रत्येक घरी फ्रिजवर चिकटवून येते.

आज आमच्याकडे आम्ही दोघं, ट्रेनिंग देणारी एक मुलगी आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या पशुवैद्य एवढीच माणसं आहेत. पिल्लू घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस माझा फोन रात्रीही चालू असतो. तिसऱ्या रात्री हमखास येतो, "ताई, फार रडतंय हो." त्यांना सांगते, त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी घ्या, मुलाच्या नको.

दादाच्या डोक्यात आता आपणच वेत वाढवायचं आहे. आई आपली, पिल्लं घरात वाढलेली, मुलांचे आवाज कानावर पडलेले, मग दुसऱ्याच्या दारी जायला नको. हिशेबही त्यानं मांडलाय. मी म्हणते, ज्या दिवशी आपली पिल्लं विकायला असतील, त्या दिवशी "थांबा" म्हणताना माझी जीभ अडखळेल. वेतासाठी मागच्या बाजूला बांधलेली खोली दोन वर्षं तयार आहे. सध्या तिथं लोकांनी परत आणून दिलेले क्रेट, म्हणजे पिल्लांचे पिंजरे, रचून ठेवलेत, आणि दारात तो लॅब झोपतो. न्यायला कोणी न आलेला. तोंड पांढरं झालंय आता, आणि खरोखरच शांत आहे.